ज्याच्या हाती चेंडू लागत नाही, त्याला साडेतेरा कोटी डॉलर कशासाठी?

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत भरली आणि 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळवायचं ठरलं. आपल्याकडे साहजिकच त्या एका शब्दाचीच बातमी झाली. पण त्याच यादीत फ्लॅग फुटबॉलही होता. अमेरिकन फुटबॉलचं हे धक्काबुक्की वगळलेलं रूप. पाच-पाच जणांचे संघ असतात आणि गड्याला लोळवायचं नसतं, त्याच्या कमरेची फीत खेचायची असते. तेव्हापासून मला एक प्रश्न सारखा येतो. खास करून ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून. "तो मूळ खेळ आहे तरी काय? जाडजूड माणसं एकमेकांवर आदळतात, चार सेकंदांत शिट्टी वाजते आणि सगळे पुन्हा उभे राहतात. यात बघायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. पडद्यावर आपली नजर चेंडूमागे धावते आणि चेंडू कुठे आहे हेच बराच वेळ कळत नाही. म्हणून मी उलटा रस्ता सुचवतो. चेंडू सोडा, एक माणूस धरा. ज्याच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही, असा. बचावाच्या पहिल्या फळीत, ऐन गर्दीत उभा राहणारा. इंग्रजीत त्याला डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात, आपण बचावाचा लाइनमन म्हणू. या जागेवर गेल्या काही वर्षांत सर्वांत भारी ठरलेला माणूस म्हणजे अ‍ॅरन डोनाल्ड. त्याची कारकीर्द 2014 ते 2023 अशी बरोबर दहा मोसमांची, आणि त्यात साडेतेरा कोटी डॉलरचा एक करार. ती समजली की खेळ निम्मा समजतो, आणि त्यामागचा धंदाही.

आधी मैदान

मैदान 100 यार्डांचं. एका संघाचे 11 जण चेंडू घेऊन पुढे सरकायला बघतात, दुसऱ्याचे 11 त्यांना अडवतात. पुढे सरकणाऱ्यांना चार प्रयत्न मिळतात आणि त्यात किमान 10 यार्ड जावं लागतं. अशी कल्पना करा की षटक चार चेंडूंचं आहे आणि त्यात दहा धावा काढायच्या आहेत. काढल्या, तर पुढचं षटकही तुमचंच. नाही जमलं, तर बॅट समोरच्याच्या हातात.

प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात एकसारखी होते. मधला गडी वाकून चेंडू आपल्या पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. चेंडू घेणारा तो क्वार्टरबॅक, संघाचा मेंदू. तो चेंडू लांब फेकतो, नाहीतर जवळच्या धावणाऱ्याच्या पोटाशी देतो. फेकायचा असेल तर कोण मोकळा आहे हे हेरायला त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढा वेळ त्याला मिळावा म्हणून पाच आडदांड गडी त्याच्यापुढे भिंत करतात. ही भिंत फोडायची, हे बचावाच्या लाइनमनचं काम. ते बहुधा चार असतात, कधी तीन. कडेच्या दोघांना मोकळी हवा तरी मिळते. आतले दोघे थेट गर्दीत घुसतात. डोनाल्ड या आतल्यांपैकी.

तो स्नॅपच्या आधी कसा बसतो ते एकदा नीट बघा. एक हात गवतावर टेकलेला, कंबर खांद्यांहून उंच, पाय ताणलेल्या स्प्रिंगसारखे. नजर समोरच्याच्या तोंडाकडे नसते, चेंडूवर असते. चेंडू हलला की निघायचं, आवाजाची वाट बघायची नाही, कारण समोरचा संघ मुद्दाम फसव्या आरोळ्या देतो. अनुभवी लाइनमन आणखी एक गोष्ट चोरून बघतो, समोरच्याची जमिनीवर टेकलेली बोटं. बोटांवर भार पडून ती पांढरी पडली असतील, तर तो पुढे झेपावणार, म्हणजे चेंडू धावणाऱ्याकडे जाणार. बोटं नुसती टेकवलेली असतील, तर तो मागे सरणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. एवढा अंदाज बांधायला त्याच्याकडे पुरता श्वासभर वेळही नसतो.

"पण हे तर नुसतं बळ झालं, कौशल्य कसलं?"

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकलाय. त्याला उत्तर द्यायला कोल्हापूरच्या तालमीतला कोणताही पोरगा पुरेसा आहे. कुस्तीत बळ लागतंच, पण समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे ओळखून त्याचा पट काढणारा जिंकतो. इथेही तसंच. नुसतं छातीवर रेटत मागे नेणं हा एक डाव. समोरच्याच्या हातावरून आपला हात पोहल्यासारखा टाकून बाजूने निसटणं हा दुसरा. त्याच्या काखेखालून खांदा घुसवून उचकटणं हा तिसरा. आणि प्रत्येक डावाला प्रतिडाव आहे. समोरचा आठवडाभर तुमचे जुने सामने पाहून तोच घोटून आलेला असतो.

या खेळात एक गोष्ट सगळे प्रशिक्षक सांगतात, जो खाली, तो भारी. दोन माणसं भिडली की ज्याचे खांदे खाली त्याचा रेटा चालतो. जड कपाट हलवताना आपणही वरून ढकलत नाही, गुडघे वाकवून खालून जोर लावतो. डोनाल्डची उंची 6 फूट 1 इंच आणि वजन सुमारे 127 किलो. तुम्हा-आम्हाला हा राक्षस वाटेल, पण या जागेवर तो ठेंगणा आणि हलका समजला गेला. समोरचे गडी बहुधा 140 किलोंच्या आसपासचे, वर त्याच्यापेक्षा तीन-चार इंच उंच. त्याने त्याच कमतरतेचं शस्त्र केलं. तो आधीच खाली होता, त्यांना वाकावं लागायचं.

आणि हात. डोनाल्डचे हात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. लाइनमनला पकडायचं तर त्याच्या छातीवर हात टेकावे लागतात. ते टेकूच द्यायचे नाहीत, ही त्याची सगळी विद्या. त्यासाठी तो खोट्या सुऱ्यांवर सराव करायचा. प्रशिक्षक समोरून सुरा रोखून अंगावर येणार आणि याने मनगटाने, कोपराने तो वार बाहेर झटकायचा, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे लाठी-पट्टा शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. वार येतो तिथे हात जाऊन चालत नाही, वार निघतो तिथेच तो पोचावा लागतो.

तळघरातली पहाट

डोनाल्ड पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गचा, जन्म 23 मे 1991. लहानपणी तो आळशी होता, असं त्यानेच सांगितलंय. बापाने उपाय केला. घराच्या तळघरात व्यायामाची खोली केली आणि 12 वर्षांच्या पोराला पहाटे साडेचारला उठवून वजनं उचलायला लावली. शाळेआधी, रोज. पोरानेही ते पुढे आयुष्यभर सोडलं नाही.

पेन हिल्सच्या शाळेतून तो गावातल्याच पिट्सबर्ग विद्यापीठात गेला. अमेरिकेत हा खेळ क्लबांतून वर येत नाही, विद्यापीठांतून येतो, हे लक्षात ठेवायला हवं. शनिवारी विद्यापीठांचे सामने, रविवारी व्यावसायिकांचे. 2013 हे त्याचं शेवटचं वर्ष, आणि त्या एका मोसमात बचावपटूंसाठीचे आणि लाइनमनसाठीचे देशातले चारही मोठे सन्मान त्याने घेतले: नागुर्स्की, बेडनारिक, आउटलँड आणि लोम्बार्डी.

मग आला ड्राफ्ट. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दोन कॅप्टन आळीपाळीने गडी मागतात ना, तेच. फक्त मागणारे संघ एनएफएल या व्यावसायिक लीगमधले 32 आणि पहिली पाळी गेल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाची. सात फेऱ्यांत सुमारे अडीचशे पोरं निवडली जातात. खेळाडूला मात्र संघ निवडता येत नाही. ज्याने मागितलं, त्याच्याकडे जायचं.

ड्राफ्टआधीच्या चाचणीत डोनाल्ड 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, 4.68 सेकंदांत धावला. तेव्हा 129 किलोंचा माणूस! 102 किलोंची पट्टी त्याने छातीवरून 35 वेळा उचलली. चारही सन्मान खिशात होते. तरीही मे 2014 मध्ये त्याच्या आधी 12 नावं पुकारली गेली. त्यातलं एक तर शेवटी त्याला घेणाऱ्या सेंट लुईस रॅम्स संघानेच घेतलं होतं, दुसऱ्या क्रमांकावर, वेगळ्याच खेळाडूचं. तेराव्या क्रमांकावर पुन्हा पाळी आली तेव्हा त्यांनी डोनाल्डला घेतलं. एवढा उशीर होण्याचं कारण तेच, उंची. मोजपट्टीवर दिसतं ते खरं मानायचं आणि चार वर्षं मैदानात दिसलेलं बाजूला ठेवायचं, ही चूक मोठमोठे जाणकार करतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पहिल्याच मोसमात 9 सॅक घेऊन तो वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला. संघ मात्र त्याची पहिली तिन्ही वर्षं हरतच होता. मधेच, 2016 मध्ये, तो सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला गेला.

सॅक म्हणजे काय, आणि अर्धा सॅक कसा?

क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला मागेच लोळवलं, की तो सॅक. प्रयत्न वाया जातो आणि संघ होता तिथून मागे जातो. दोघांनी मिळून लोळवला, तर अर्धा-अर्धा वाटून घेतात. लाइनमनच्या खात्यात दिसणारी ही जवळजवळ एकच ठळक जमा.

या शब्दाचं पितृत्व सहसा डीकन जोन्सला देतात. तोही रॅम्सचाच, 1961 ते 1971 या काळातला, बचावाचाच लाइनमन. गंमत अशी की सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली 1982 मध्ये आणि जोन्स 1974 नंतर खेळलाच नाही. म्हणजे ज्याने शब्द दिला, त्याच्या नावावर अधिकृत सॅक एकही नाही. या जागेवरच्या माणसाचं काम किती काळ कोणी मोजतही नव्हतं, ते यावरून कळतं.

2018 मध्ये डोनाल्डने 16 सामन्यांत साडेवीस सॅक घेतले. आतल्या जागेवरून खेळणाऱ्याने एका मोसमात घेतलेल्या सॅकचा तो विक्रम आहे. आधीचा 1989चा, 18चा होता. संपूर्ण कारकिर्दीत 111.

आता कोणी विचारेल, दहा वर्षांत 111? म्हणजे सामन्यामागे एकही धड नाही. यासाठी साडेतेरा कोटी डॉलर?

जे खात्यात दिसत नाही

इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण सगळ्या लेखाची गाठ इथे आहे.

भिंतीत पाच जण, समोरून येणारे चार. म्हणजे बचावाचा एकेक गडी एकाने अडवला तरी भिंतीकडे एक जण शिल्लक राहतो. तो शिल्लक माणूस हा क्वार्टरबॅकचा विमा. आता त्या चारांत एक डोनाल्ड ठेवा. एकट्याला तो आवरत नाही, म्हणून त्याच्यावर दोघे लावावे लागतात. निम्म्याहून अधिक वेळा त्याच्यावर दोघे असायचे, कधी तिघेही. दोघे त्याच्यावर गेले की उरले तीन विरुद्ध तीन. विमा संपला. बाकीच्या प्रत्येकाला समोर एकच माणूस मिळाला. मग क्वार्टरबॅक घाबरून चेंडू झेलणाऱ्यांपैकी एकाला मागे राखणीला बोलावतो. म्हणजे पुढे झेलायला एक कमी, आणि मागे राखण करणाऱ्या रॅम्सच्या गड्यांचं काम सोपं.

क्रिकेटच्या भाषेत सांगतो. एका टोकाकडून कोणी धावच देत नाही, तेव्हा फलंदाज दुसऱ्या टोकाला मारायला जातो आणि तिथे विकेट पडते. विकेट दुसऱ्याच्या नावावर लागते, पण ती कोणी मिळवून दिली हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. डोनाल्ड दोघांना अंगावर घेऊन जमिनीवर पडलेला असायचा आणि टाळ्या शेजारच्याला मिळायच्या. तरीही 2017, 2018 आणि 2020 असा तीनदा तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू निवडला गेला. आतल्या जागेवरच्या माणसाला हा मान तीनदा मिळावा, यातच जाणकारांनी काय पाहिलं ते आलं.

"करार केलेला असताना घरी बसणं बरोबर आहे का?"

2017 आणि 2018, दोन्ही वर्षी मोसमाआधीच्या सरावाला तो गेलाच नाही. नवा करार द्या, मग येतो. यावर अमेरिकेतही लोक चिडले होते आणि आपल्यालाही ते पटकन खटकतं. शब्द दिला तो पाळावा, असं आपण वाढलेलो.

पण करार कसला होता तो पाहा. पहिल्या फेरीत निवडलेल्याला चार वर्षांचा ठरावीक करार मिळतो आणि पाचवं वर्ष ठेवायचं की नाही ते संघ ठरवतो. खेळाडूला सौदा करायला जागा जवळजवळ नसते. त्या पाचव्या वर्षाचे डोनाल्डला मिळणार होते सुमारे 69 लाख डॉलर, आणि तो होता लीगचा सर्वोत्तम बचावपटू. दुसरी गोष्ट अशी की या लीगमध्ये कराराचा मोठा आकडा छापून येतो तो सगळा मिळतोच असं नाही. पक्की रक्कम वेगळी असते. उरलेली, संघाने मधेच काढून टाकलं की गेली. म्हणजे संघाला दार उघडं आणि खेळाडूला बंद. भाड्याच्या घराचा असा करार समजा, की मालक महिनाभराच्या सूचनेवर बाहेर काढू शकतो, पण भाडेकरूने पाच वर्षं हलायचं नाही. अशा माणसाकडे एकच हत्यार उरतं, कामावर न जाणं. मला त्यात बेइमानी दिसत नाही. उद्या गुडघा गेला तर त्याला कोणी विचारणार नव्हतं.

31 ऑगस्ट 2018 रोजी करार झाला. सहा वर्षं, 13 कोटी 50 लाख डॉलर, त्यातले 8 कोटी 70 लाख हमीचे. तो इतिहासातला सर्वांत महागडा बचावपटू ठरला, पुरता एक दिवस. दुसऱ्याच दिवशी शिकागो बेअर्सनी खलील मॅकला 14 कोटी 10 लाख दिले.

आयपीएलच्या लिलावात जशी प्रत्येक संघाच्या पर्सला मर्यादा असते, तशी इथेही दर वर्षी असते. 2018 मध्ये ती 17 कोटी 72 लाख डॉलर होती आणि त्यात 53 जणांचा संघ चालवायचा होता. डोनाल्डच्या नव्या कराराची वर्षाची सरासरी साधारण सव्वादोन कोटी, म्हणजे पर्सचा आठवा हिस्सा एका माणसाला, तोही चेंडू न शिवणारा. आणि ज्या मोसमात तो सरावाशिवाय थेट मैदानात उतरला, त्याच मोसमात साडेवीस सॅक आले. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध तर एकाच सामन्यात चार.

त्या मोसमाच्या शेवटी संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, पोचला आणि न्यू इंग्लंडकडून 13-3 असा हरला.

14 फेब्रुवारी 2022ची सकाळ

सुपर बोल अमेरिकेत रविवारी दुपारी-संध्याकाळी असतो, आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचला. त्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन बसलो होतो. रॅम्स विरुद्ध सिनसिनाटी, सामना रॅम्सच्याच घरच्या मैदानावर, लॉस एंजेलिसच्या सोफाय स्टेडियममध्ये. सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरो. बिचारा साखळी सामन्यांत 51 वेळा लोळवला गेला होता, लीगमध्ये सर्वाधिक. तरीही संघाला त्याने इथवर आणलं होतं.

साडेआठ वाजून गेले होते. रॅम्स 23-20 पुढे, पण चेंडू बरोकडे आणि मैदानाच्या मधोमध. आणखी थोडं सरकले की बरोबरीची किक टप्प्यात. तिसरा प्रयत्न, हवा फक्त एक यार्ड. चेंडू धावणाऱ्याकडे दिला. डोनाल्डने मागून हात घालून त्याला तिथेच रोखला. एक यार्डही नाही.

चौथा प्रयत्न. घड्याळात 43 सेकंद. स्नॅप झाला आणि डोनाल्ड समोरच्या गड्याच्या हातांना न लागताच बाजूने आत आला. बरोने चेंडू उचलला न उचलला तोच याने त्याच्या कमरेला हात घालून त्याला गरकन फिरवलं. पडता पडता बरोने चेंडू कसाबसा भिरकावला. तो गवतावर पडला. संपलं. डोनाल्ड हेल्मेट काढून धावत सुटला आणि आपल्या बोटाकडे दाखवू लागला. विजेत्या संघाला अंगठ्या मिळतात, ती आता माझी, असं.

मी तो क्षण कितीदा पाहिला असेल, सांगता येणार नाही. बरो पडायच्या आत चेंडू सुटला होता, म्हणून त्याची नोंद सॅक अशी नाहीच. खात्यात ती फक्त हुकलेली फेक आहे. सामन्यात आधी घेतलेले दोन सॅक डोनाल्डच्या नावावर आहेत. सामनावीर ठरला चेंडू झेलणारा कूपर कप. त्याचा तो मान रास्तच, पण विजेतेपद ज्या दोन प्रयत्नांत पक्कं झालं, ते दोन्ही डोनाल्डचे होते.

त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा करार सुधारला गेला, तीन वर्षांचे 9 कोटी 50 लाख डॉलर. क्वार्टरबॅक नसलेल्या कोणालाही वर्षाला सरासरी 3 कोटींवर मिळण्याची ती पहिली वेळ. आणि त्याच ऑगस्टमध्ये, सिनसिनाटीबरोबरच्या संयुक्त सरावात झालेल्या मारामारीत, त्याने हातात हेल्मेट घेऊन ते समोरच्यांवर फिरवलं. चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. कोणाला गंभीर लागलं नाही हे नशीब. मला तो फार आवडतो, म्हणूनच हे झाकावंसं वाटत नाही.

"सगळ्यांनाच एवढं मिळतं का?"

नाही. उलट डोनाल्ड हा अपवादाचाही अपवाद आहे. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने या लीगमधली सरासरी कारकीर्द 3.3 वर्षांची. लीगचं म्हणणं, पहिल्याच वर्षी संघात पक्की जागा मिळवणाऱ्यांचीच धरली तर ती सहाच्या आसपास जाते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. पण निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला तीन मोसम भरावे लागतात. म्हणजे बहुतेकांची धडपड अंगठीसाठी नसतेच, तो तिसरा मोसम भरण्यासाठी असते.

अशा माणसाचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात 90 जण सरावाला बोलावले जातात. मोसमाआधी 53 ठेवतात, काही जण राखीव सरावगटात, बाकी घरी. गडी चोविशीचा, शिक्षण तसं अर्धवटच झालेलं, अंगावर चढवलेलं 30-40 किलो जास्तीचं वजन. हे वजन त्याने आवडीने चढवलेलं नसतं, नोकरीची ती अटच असते. खेळ सुटला की ते उतरवणं हे नवं काम. त्याची बातमी कुठे येत नाही.

डोक्याचं काय?

पिट्सबर्ग शहर या कथेत आणखी एकदा येतं. तिथल्या स्टीलर्स संघाचा माइक वेबस्टर हा फार गाजलेला सेंटर, म्हणजे भिंतीतला मधला गडी. 2002 मध्ये तो 50 वर्षांचा असताना गेला. शेवटची वर्षं विस्मरण, नैराश्य आणि वणवण यांत गेली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत डोक्याला वारंवार मार बसल्याने होणारा विकार सापडला. त्याचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई. मेंदूत एक प्रथिन साचत जातं आणि पेशी मरत जातात. निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

लाइनमनच्या बाबतीत ही गोष्ट जास्त टोचते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला मोठा मार बसला की सगळे पाहतात, खेळ थांबतो, डॉक्टर येतात. लाइनमनची टक्कर प्रत्येक प्रयत्नाला होते, सामन्यात पन्नास-साठ वेळा, आणि ती लहान असते. चक्कर येत नाही, कोणी थांबवत नाही. घरातला नळ ठिबकत असतो आणि ओल कधी चढली ते भिंत फुगेपर्यंत कळत नाही, तसंच.

2017 मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या लीगमधल्या 111 मृत खेळाडूंचे मेंदू तपासल्याचं प्रसिद्ध केलं. 110 मध्ये सीटीई होता. "म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच होतो?" असा अर्थ मात्र काढू नका. कुटुंबांनी ते मेंदू दिले, तेच मुळात लक्षणं दिसली होती म्हणून. दवाखान्याच्या रांगेत उभं राहून गावात किती आजारी आहेत हे मोजता येत नाही. तरीही 110 हा आकडा डोळ्यांआड करण्यासारखा नाही.

काही बदल झाले आहेत. डीकन जोन्सचा आवडता डाव होता समोरच्याच्या हेल्मेटवर सणसणीत चापट मारून त्याला क्षणभर भांबावून सोडणं. 1977 पासून त्याला बंदी आहे. 2022 मध्ये मोसमाआधीच्या सरावात लाइनमनना हेल्मेटवर आणखी एक मऊ टोपी सक्तीची झाली. तरी टक्कर हाच ज्या कामाचा गाभा आहे, ते काम टोपीने किती सुरक्षित होणार? ज्यांची नातवंडं अमेरिकेत शाळेत आहेत आणि संघात घेताहेत म्हणून नाचताहेत, त्यांना मी एवढंच सांगतो, की फ्लॅग फुटबॉल आहे ना, तो खुशाल खेळू द्या. मूळ खेळाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला, मग प्रशिक्षकाशी.

"मग 32व्या वर्षीच का सोडलं?"

2022 मध्ये घोटा दुखावला आणि त्याचे शेवटचे सहा सामने हुकले. त्याआधी दुखापतीने त्याला फारसं बसवलं नव्हतं. 2023 मध्ये तो परतला, 8 सॅक घेतले आणि आठव्यांदा लीगच्या सर्वोत्तम अकरांत आला. ओसरू लागलेल्या माणसाची ही लक्षणं नाहीत. 15 मार्च 2024 रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. करारात आणखी एक वर्ष शिल्लक होतं आणि त्याचे 3 कोटींहून जास्त डॉलर. ते सोडून गेला.

लोक म्हणाले, अजून दोन वर्षं सहज खेळला असता. खेळला असताही. पण वयाच्या बाराव्या वर्षापासून पहाटे साडेचारला सुरू झालेला दिवस वीस वर्षं रोज तसाच काढायचा, आणि एका मोसमासाठी तो पुन्हा मनापासून काढता येईल का, हे त्याचं त्यालाच ठाऊक. आपण टीव्हीसमोर बसून रविवारचे तीन तास मोजतो. त्याच्या हिशेबात त्या पहाटा असतात.

पुढच्याच महिन्यात ड्राफ्ट होता. रॅम्सनी आपल्या पहिल्या दोन्ही पाळ्यांना एकाच विद्यापीठाचे, फ्लोरिडा स्टेटचे, बचावातले दोन गडी मागितले: जेरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क. एका माणसाच्या जागी दोन. त्या मोसमाअखेर वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला व्हर्स. दहा वर्षांपूर्वी, याच संघात, तो मान डोनाल्डने घेतला होता.